आकडा सॅम्पलचा की मशीनचा? विद्यापीठात उपयोजित भौतिकशास्त्र करू पाहणाऱ्या मुलीला उत्तर

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेतलेल्या मुलीने विचारलंय: "मॅडम, मला अप्लाइड फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून पुढे संशोधन करायचंय. घरचे म्हणतात बी.एड. कर. आयआयटी-आयसर जमेल असं वाटत नाही. साध्या विद्यापीठात खरंच संशोधन होतं का? स्पेशलायझेशन कुठलं घेऊ? गणित माझं बेताचंच आहे. आणि पीएच.डी. करणारे दिवसभर करतात तरी काय?"

मी एका राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात चोवीस वर्षं शिकवते. थिन फिल्म हा माझा विषय, म्हणजे काचेवर किंवा धातूवर काही नॅनोमीटर ते काही मायक्रॉन जाडीचे थर बनवायचे आणि त्यांचे गुणधर्म मोजायचे. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची उत्तरं बरीचशी त्याच्याच पोटात आहेत.

दिवसभर करतात काय? धुतात. पहिले चार-सहा महिने काचा धुतात. ही चेष्टा नाही. सूक्ष्मदर्शकाला लावतो तसली साधी काचपट्टी आधी साबणाच्या पाण्याने, मग आम्लात (आमच्या वेळी गरम क्रोमिक आम्ल असायचं, ते घातक आहे म्हणून आता बऱ्याच लॅबनी सोडलं), मग डिस्टिल्ड पाण्याने, मग ॲसिटोनमध्ये घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये पंधरा मिनिटं. शेवटी चिमट्याने उचलून उभी धरायची आणि वरून डिस्टिल्ड पाणी सोडायचं. पाणी सलग चादरीसारखं खाली उतरलं तर काच स्वच्छ. कुठे थेंब धरले तर तिथे तेलकटपणा आहे, परत पहिल्यापासून. नवीन आलेला विद्यार्थी हे चार दिवस नीट करतो, पाचव्या दिवशी कंटाळतो आणि काच बोटाने उचलतो. मग ४५० अंशांच्या गरम प्लेटवर त्या काचेवर झिंक ॲसिटेटचं द्रावण फवारून झिंक ऑक्साइडचा थर बनवला की त्या थरात त्याच्या अंगठ्याचा ठसा छान उमटलेला दिसतो. रेषा मोजता येतील इतका छान. असा एक नमुना माझ्या टेबलावरच्या डबीत आहे, नव्या मुलांना दाखवायला. अंगठा कोणाचा ते सांगत नाही. (माझाच आहे.)

त्यानंतर मोजमाप. आणि इथे या विषयाची खरी गोम आहे. शाळा-कॉलेजात प्रयोग म्हणजे उत्तर आधी माहीत असलेली गोष्ट. g चं मूल्य ९.८ यायला हवं, नाही आलं तर शेजारच्याची वही आहेच. संशोधनात उत्तर कोणालाच माहीत नसतं, गाइडलाही. मशीन आकडा तर देणारच, बटण दाबलं की देतं. तो आकडा तुझ्या सॅम्पलचा आहे, मशीनचा आहे, तारांचा आहे की हवेतल्या दमटपणाचा आहे, हे ओळखायला शिकणं म्हणजे उपयोजित भौतिकशास्त्राचं संशोधन शिकणं. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक विद्यार्थी सुपरकपॅसिटरवर, म्हणजे झटकन चार्ज होणाऱ्या विद्युतसाठ्यावर, काम करत होता. निकेल फोमवर, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलच्या पत्र्यावर, निकेल हायड्रॉक्साइडचा थर द्यायचा, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवायचा आणि दर ग्रॅममागे, दर व्होल्टला किती विद्युतभार साठतो (फॅरड हे त्याचं एकक) ते बघायचं. एके दिवशी पोरगा धावतच आला. "मॅडम, १,९०० फॅरड पर ग्रॅम!" चेहरा बारावीच्या निकालासारखा. मी विचारलं, "थराचं वजन किती?"

"०.४ मिलिग्रॅम."

"कशावर केलंस?"

आमच्या लॅबमधला वजनकाटा चार दशांशांचा, म्हणजे शेवटची जागा ०.१ मिलिग्रॅमची. थराचं वजन म्हणजे थर दिल्यानंतरच्या फोमच्या वजनातून आधीचं वजन वजा. दोन्ही वेळा ०.१ ची चूक होऊ शकते. दोन्ही चुका मिळून, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं, तर साधारण ०.१४. म्हणजे ते ०.४ प्रत्यक्षात ०.२६ पासून ०.५४ पर्यंत कुठेही असू शकतं. त्याने तिथेच उभ्या उभ्या भागाकार केला. १,९०० च्या जागी १,४०० ते २,९००. इतक्या रुंद फटीतून बैलगाडी जाईल.

मग दुसरा प्रश्न: "कोरा फोम मोजलास का?" नव्हता मोजला. कोऱ्या फोमलाही त्या अल्कलीत स्वतःचा निकेल हायड्रॉक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोही भार साठवतो. थर इतका कमी असताना फोमचा वाटा मोठा पडतो आणि तो सगळा थराच्या नावावर जमा होतो. म्हणजे चुलतभावाचे मार्क आपल्या प्रगतिपुस्तकात. तिसरी गोष्ट म्हणजे निकेल हायड्रॉक्साइडचं वागणं खरं तर बॅटरीसारखं आहे. चार्जिंगचा आलेख सरळ रेषेत जात नाही, मध्येच सपाट होतो. अशा पदार्थाला फॅरडमध्ये मोजणंच मुळात शंकास्पद, कूलोंब किंवा मिलिअँपिअर-तासात सांगायला हवं. तरी हजारो पेपरांत फॅरड लिहिलेलं सापडेल.

त्याने तीन आठवडे सगळं परत केलं. मोठा फोम घेतला, थराचं वजन पाच मिलिग्रॅमपर्यंत नेलं, शेजारच्या रसायनशास्त्र विभागातला पाच दशांशांचा काटा मागून आणला, प्रत्येक वेळी कोरा फोम सोबत मोजला. आकडा ८७० वर आला. दोन दिवस जेवला नाही म्हणे. पण व्हायव्हाच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारला आणि हा पंधरा मिनिटं थांबला नाही.

ही एकच भानगड नाही, प्रत्येक तंत्राची आपापली आहे. क्ष-किरण विवर्तनाच्या (एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या) आलेखातलं शिखर किती रुंद आहे त्यावरून कणाचा आकार काढतात. त्यातली मशीनची स्वतःची रुंदी वजा करायची राहिली तर कण आहे त्यापेक्षा लहान निघतो, आणि "नॅनो" शब्द लावायला मिळतो म्हणून कोणी तक्रार करत नाही. प्रकाशाच्या शोषणावरून बँड गॅप, म्हणजे पदार्थातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, काढताना आलेखावर सरळ रेषा कुठून ओढायची ते डोळ्याने ठरतं. झिंक ऑक्साइडचा साधारण ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो हे माहीत असल्यामुळे पट्टी आपोआप तिकडे सरकते. कॉलेजातला g सुटत नाही तो असा.

आता विद्यापीठ की आयआयटी. नाकारण्यात अर्थ नाही: आयआयटी मुंबई, पुण्याची आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था), टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथे पैसा, यंत्रं आणि आजूबाजूची माणसं या तिन्ही बाबतीत आम्ही मागे आहोत. जॅमची, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशाची, परीक्षा द्यायची तुझी तयारी असेल तर दे, फॉर्म भरायला लाजू नकोस. नाही लागला नंबर तर ते जग संपल्याचं लक्षण नाही. का, ते सांगते.

आपल्याकडच्या विद्यापीठांत कुठले विषय वाढले ते पैशाने ठरलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीने थिन फिल्म बनवण्याची मोठी परंपरा आहे. या पद्धतीला व्हॅक्यूमचं महागडं यंत्र लागत नाही: बीकर, हॉट प्लेट, द्रावणं आणि कमालीचा संयम. संयम आपल्याकडे स्वस्त होता. त्या भागातली कितीतरी मुलं त्याच जोरावर दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांत पोस्टडॉक करून आली. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मायक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा छोटेखानी त्वरक, चालवला गेला आणि त्याभोवती प्रारणाच्या (रेडिएशनच्या) परिणामांवरचं काम उभं राहिलं. पुण्याजवळ गिरीनगरला डीआरडीओच्या अखत्यारीतल्या अभिमत विद्यापीठात उपयोजित भौतिकशास्त्र या नावाचाच विभाग आहे, तिथला ओढा साहजिकच संरक्षणाच्या गरजांकडे. बहुतेक ठिकाणी मात्र पाटीवर नुसतं "भौतिकशास्त्र" असतं आणि आत चाललेलं काम उपयोजित असतं. त्यामुळे पदवीच्या नावात "अप्लाइड" शब्द शोधत बसू नकोस.

दुसरं म्हणजे मोठी यंत्रं आपल्या विभागात नसली तरी देशात आहेत, आणि ती विद्यापीठवाल्यांनाही खुली आहेत. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र, तिथला १५ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन, म्हणजे आयनांना वेग देणारा त्वरक. इंदूरला राजा रामण्णा केंद्रातला इंडस-२, २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन, त्यातून निघणारे क्ष-किरण आपल्या प्रयोगशाळेतल्या नळीच्या कित्येक पटींनी प्रखर. इंदूरलाच यूजीसी-डीएई केंद्र (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं), अतिथंड तापमान आणि चुंबकीय क्षेत्रातल्या मोजमापांसाठी. प्रस्ताव लिहायचा, तो मंजूर झाला की वेळ मिळतो. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांतली यंत्रं सापडतात, ठरावीक शुल्क भरून वापरायला मिळतात. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्राकडे, जिथे बाहेरच्यांची सॅम्पलही मोजून देतात, तर आमच्या विभागातून सॅम्पलची पाकिटं कुरिअरने जातच असतात.

पण कुरिअरने पाठवणं आणि स्वतः जाणं यात फरक आहे. मी स्वतः पीएच.डी.ला असताना दिल्लीला बीमटाइमला, म्हणजे त्वरकातला आयनांचा झोत वापरायला मिळालेल्या वेळी, गेले होते. आठ-आठ तासांच्या पाळ्या. तांब्याच्या पट्टीवर, तिला लॅडर म्हणतात, एकाखाली एक बारा सॅम्पल चिकटवायचे आणि ती व्हॅक्यूम चेंबरमध्ये सोडायची. बीम पहाटे तीनला आला. किती आयन पडले ते मोजत प्रत्येक सॅम्पलला किती सेकंद द्यायचे ते वहीत आधीच काढून ठेवलं होतं. फक्त बीमचा प्रवाह मी गृहीत धरलेल्याच्या निम्मा निघाला. शेजारी बसलेला तिथला ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "मॅडम, टाइम डबल कर लीजिए, घबराइए मत।" चार सॅम्पल कमी करावे लागले, कुठले चार ते दहा मिनिटांत ठरवायचं होतं. प्रबंधातलं कुठलंही प्रकरण लिहिताना मी तेवढा विचार केला नसेल. पाकीट कुरिअरने पाठवणाऱ्याच्या वाट्याला ही दहा मिनिटं येत नाहीत. त्याला पीडीएफ येते.

व्हॅक्यूमवरून आठवलं. आमच्या कोटिंग युनिटला, म्हणजे व्हॅक्यूममध्ये थर देणाऱ्या यंत्राला, एकदा गळती लागली. रोटरी पंप नेहमीसारखा आवाज करत होता, पण व्हॅक्यूम मोजणाऱ्या पिरानी गेजची सुई एका जागी अडून बसली, पुढे जाईना. तिथवर पोहोचल्याशिवाय डिफ्यूजन पंपाचा व्हॉल्व्ह उघडायचा नसतो, नाहीतर पंपाचं गरम तेल चेंबरभर होतं. तीन दिवस आम्ही प्रत्येक सांध्यावर ड्रॉपरने ॲसिटोनचा थेंब सोडत होतो. गळती असेल तिथून ॲसिटोनची वाफ आत शिरते आणि सुई दचकते. सुई कुठेच दचकेना. चौथ्या दिवशी लॅब असिस्टंट मामांनी बेल जार, म्हणजे चेंबरचं घंटेसारखं झाकण, उचलला, खालची रबरी रिंग काढली, ट्यूबलाइटखाली बोटाने फिरवली आणि काहीतरी चिमटीत धरून मला दाखवलं. केस. एक लांब केस, रिंगेवर आडवा. माझा की माझ्या विद्यार्थिनीचा यावर आम्ही वाद घातला नाही, दुसऱ्या दिवसापासून दोघींनी टोप्या घातल्या.

हे तुला हलकंफुलकं वाटेल. पण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटींना मंजुरी दिलेला प्रकल्प. गुरुत्वीय लहरी पकडायला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्या दोन्हींत अतिउच्च व्हॅक्यूम. तिथेही सांधे असणार, रिंगा असणार, स्वच्छतेचे नियम असणार आणि गळती शोधणारी माणसं लागणार. मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठात जुनाट कोटिंग युनिटवर गळती शोधायला शिकलेल्या मुलीला ती भाषा परकी वाटणार नाही. ॲसिटोनच्या जागी हेलियम आणि डोळ्याच्या जागी मास स्पेक्ट्रोमीटर येतो, एवढाच बदल.

गणित. "बेताचं" म्हणजे काय यावर अवलंबून आहे. समीकरण पाहून पोटात गोळा येत असेल तर एम.एस्सी.चं पहिलं वर्ष जड जाईल, कारण गणिती भौतिकी, अभिजात यामिकी, पुंज यामिकी, विद्युतगतिकी, सांख्यिकी यामिकी हे सगळं करावंच लागतं, स्पेशलायझेशन कुठलंही घे. आकडेमोड हळू होते पण होते, अशी तू असशील तर काहीच अडचण नाही. प्रायोगिक कामात रोज लागतं ते गणित वेगळं: चुकांचा हिशोब, वक्र बसवणं, फूरिए, साधी अवकल समीकरणं, आलेखाच्या अक्षावर लॉग घ्यायचं की नाही याची जाण. त्यात पायथन शीक. एम.एस्सी. सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत शीक, नंतर कोणाला वेळ मिळत नाही. फुकटात होतं, आणि महागड्या ग्राफच्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत लॅबच्या संगणकावर टाकून त्यासोबत व्हायरस आणण्यापेक्षा बरं.

स्पेशलायझेशनवर मुलं फार रक्त आटवतात. सॉलिड स्टेट, इलेक्ट्रॉनिक्स, मटेरियल सायन्स, न्यूक्लिअर, ऊर्जा, जे असेल त्यातलं ज्याची प्रयोगशाळा चालू आहे ते घे. यंत्र बंद असलेल्या गाजलेल्या विषयापेक्षा यंत्र चालू असलेला साधा विषय केव्हाही बरा. सीएसआयआर-नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा, तिच्या भौतिक विज्ञानाच्या पेपरला तुझं स्पेशलायझेशन कोणी विचारत नाही. २०० गुण, तीन तास, अ, ब, क असे तीन भाग, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. क भागातले प्रश्न पाच-पाच गुणांचे, तिथे पाठांतर संपतं. या परीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रापासून धर. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर नियमाप्रमाणे घरभाडं. जेआरएफ घेऊन आलेल्या मुलीकडे गाइड स्वतः येतात. नाही मिळाली तर बऱ्याच विद्यापीठांची पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा, आहे, आणि प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. कुठलीही असली तरी पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून खोलीचं भाडं ठरवू नकोस. सहा महिने पुरतील एवढी शिल्लक किंवा तेवढा समजूतदार भाऊ पाहिजे.

गाइड. यावर मी सगळ्यात जास्त लिहायला हवं आणि यावरच सगळ्यात कमी उघड लिहिता येतं. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा, वर पुनर्नोंदणी करून दोन. मुलींना त्याशिवाय आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत मातृत्व रजा. हे शेवटचं घरच्यांना जरूर वाचून दाखव, "लग्नाचं काय" हा प्रश्न येणारच आहे. एवढं कागदावरचं. कागदावर नसलेलं असं की गाइडला नव्हे, गाइडच्या विद्यार्थ्यांना भेट. त्यातही शेवटच्या वर्षाला असलेल्याला. तो गाइडच्या केबिनबाहेर, चहाच्या टपरीवर भेटला पाहिजे. त्याला तीनच गोष्टी विचार: मॅडम किंवा सर लॅबमध्ये शेवटचे कधी आले होते, पेपरचा मसुदा दिला की किती दिवसांनी परत येतो, आणि आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत. तो हसून गप्प बसला तर तेही उत्तरच आहे.

मी स्वतः फार चांगली गाइड होते असं नाही. पहिल्या दोन विद्यार्थ्यांना मी माझेच राहिलेले प्रयोग पुरे करायला लावले आणि त्याला त्यांचा विषय म्हटलं. त्यातली एक आज एका कंपनीत ऑप्टिकल कोटिंगचा विभाग सांभाळते. भेटली की म्हणते, "मॅडम, तुमच्यामुळे मी चिकाटी शिकले." या वाक्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

पेपरांबद्दल. २०२२ च्या नियमांनी प्रबंध जमा करण्याआधी पेपर छापून आणण्याची सक्ती काढली, तरी पुढच्या नोकरीसाठी पेपर लागतातच. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं तुझ्या मेलमध्ये स्वतःहून येतील, "आदरणीय प्राध्यापक महोदय" असं म्हणून, तू बी.एस्सी.ला असतानाही. यूजीसीने विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी ठेवली होती, ती २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे आता चाळण आपली आपणच लावायची. माझी चाळण साधी आहे: आपण ज्यांचे पेपर वाचून काम करतो ते लोक तिथे छापतात का? कोर्सवर्कमध्ये संशोधनाच्या नीतीवर दोन क्रेडिटचा पेपर असतो, मुलं तो झोपेत पास होतात. तो वजनकाट्याचा प्रसंग मी तिथेच शिकवते. आकडा मुद्दाम वाढवणारा माणूस मला क्वचित दिसला. आकडा आवडला म्हणून परत न मोजणारे मात्र पावलोपावली दिसतात.

आणि बी.एड.? घरच्यांचं अगदीच चुकत नाही. विद्यापीठ-कॉलेजांतल्या कायम जागा अडून अडून भरल्या जातात, आणि नेट-सेट, पीएच.डी. सगळं असून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं मी रोज बघते. त्यांच्यातले काही माझेच विद्यार्थी आहेत. म्हणून पीएच.डी. ही प्राध्यापकीची पायरी एवढ्याच हिशोबाने करू नकोस. एम.एस्सी. मात्र कर. दोन वर्षांत तुला कळेल की हातात चिमटा धरून तासन् तास उभं राहायला तुला आवडतं की नाही. नाही आवडलं तर बी.एड. कुठे पळून जात नाही, एम.एस्सी. बी.एड. ला ज्युनिअर कॉलेजात मागणी आहे. आवडलं तर यंत्रं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपन्या आहेत, कोटिंगचे कारखाने आहेत, बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) प्रशिक्षण योजना आहे, आणि संशोधन आहेच.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी जवळच्या विद्यापीठात जा. विभागप्रमुखांना आधी मेल कर, चार ओळींचा: नाव, कॉलेज, कुठली लॅब बघायची आहे, कधी येऊ. नकार क्वचित येतो. गेलीस की नव्या इमारतीचे फोटो काढत बसू नकोस. जी लॅब दाखवतील तिथल्या मोठ्या यंत्राजवळ एक जाड वही दोरीने बांधलेली असेल, लॉगबुक म्हणतात तिला. कोणी, कधी, किती वेळ, कुठल्या सॅम्पलसाठी यंत्र वापरलं ते त्यात लिहितात. परवानगी घेऊन ती उघड आणि शेवटची नोंद कधीची आहे ते बघ. ती नोंद कालची असेल, अक्षर घाईचं असेल आणि शेवटच्या रकान्यात "व्हॅक्यूम नीट नाही, परत करणे" असं काहीतरी खरडलेलं असेल, तर त्या विभागाचा फॉर्म भर.